बर्डीची लढाई टेबलावर मांडताना: वॉरगेममधल्या फौजांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही सात-आठ जण महिन्यातून दोन रविवारी महालातल्या एका माडीवर जमतो आणि जुन्या लढाया टेबलावर मांडतो. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, थर्माकोलच्या टेकड्या, इंचभर उंचीचे रंगवलेले शिपाई, फासे आणि मोजपट्टी. नवा माणूस आला की फासे कसे टाकायचे ते अर्ध्या तासात शिकतो. फौजेबद्दलचे प्रश्न मात्र वर्षभर सुटत नाहीत, कारण ते इतिहासाचे प्रश्न आहेत. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. बहुतेक उदाहरणं सीताबर्डीची, म्हणजे आमच्या बोलीत बर्डीची, आहेत. ती लढाई आपल्या गावात झाली, आणि फौजेची मांडणी चुकली की खेळ कसा खोटा पडतो हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

सीताबर्डीला दोन्हीकडे नेमकं कोण होतं?

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. एका बाजूला नागपूरकर अप्पासाहेब भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, रिचर्ड जेंकिन्स आणि त्याच्या रक्षणाला लेफ्टनंट कर्नल हॉप्टन स्कॉटच्या हाताखालची कंपनीची फौज. ही फौज साधारण १४०० माणसांची. तिच्यात मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या नेटिव्ह इन्फंट्रीची एकेक पलटण, रेसिडेंटच्या खास पहाऱ्याच्या दोन कंपन्या (तुकड्या), ६ व्या बंगाल लाइट कॅव्हलरीचे तीन ट्रूप (स्वारांच्या तुकड्या) आणि मद्रास तोफखान्याच्या सहा पौंडी तोफा. भोसल्यांकडे १८ हजारांच्या आसपास माणूस. त्यात घोडेस्वार जास्त, पायदळ कमी, आणि पायदळात तीन-चार हजार अरब. तोफा सुमारे ३५.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. चूक यापुढे होते.

१८ हजारांविरुद्ध १४०० म्हणजे खेळ एकतर्फी होणार. मग मांडायचा कशाला?

आमची पहिली मांडणी याच आकड्यांवर झाली. पंचवीस माणसांमागे एक फिगर (रंगवलेला शिपाई) या हिशोबानं कंपनीच्या ५६ फिगर आणि भोसल्यांच्या ७२० व्हायला हव्या होत्या. एवढ्या कुणाकडेच नव्हत्या. म्हणून मिळतील तेवढे घोडेस्वार गोळा करून दोन्ही टेकड्यांभोवती कोंबले. दुसऱ्याच फेरीत घोडदळ छोट्या टेकडीच्या माथ्यावर पोचलं. ज्यांच्या घरी खेळतो ते काका तेव्हा खुर्ची ओढून टेबलापाशी आले आणि म्हणाले, "काय राजा, ही घोडी चढली कुठून वर? बर्डीची टेकडी पाहिली नाही का कधी?"

त्या दिवशी टेबल आवरलं आणि कागद घेऊन बसलो. कितीजण *हजर* होते हे सोडून दिलं. कितीजण *लढले*, कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी, एवढंच शोधायचं ठरवलं. उत्तर वेगळंच निघालं. सीताबर्डीच्या दोन टेकड्या, एक मोठी आणि एक छोटी, मध्ये साधारण ३०० यार्डांची खिंड. छोट्या टेकडीवर २४ व्या पलटणीचे सुमारे ३०० लोक. तिच्यावर जे पुन्हा पुन्हा चालून आले ते मुख्यतः अरब, आणि पायथ्याच्या वस्तीतल्या घरांच्या आडोशानं आले. घोडदळ मैदानात पसरून रेसिडेन्सीला वेढा घालून होतं. चढावर त्याचा उपयोग नव्हता.

तेव्हा छोट्या टेकडीचा सिनॅरिओ (एका प्रसंगाची मांडणी) करायचा तर ३०० विरुद्ध दीड-दोन हजार अरब एवढाच मांडा. वरच्या हिशोबानं कंपनीच्या बारा फिगर आणि अरबांच्या साठ ते ऐंशी. त्याही एका वेळी नाही, लाटांनी. त्या तीनशे लोकांवर किती ताण आला असेल हे आकडे वाचून कळत नाही. बारा फिगर माथ्यावर ठेवल्या आणि खाली घरांच्या मागून निघालेली दुसरी रांग दिसली की कळतं.

मग दोन्ही बाजूंना समान पॉइंट (फौजेची ताकद मोजायचे गुण) देऊ नयेत का?

देऊ नयेत. समान पॉइंट स्पर्धेसाठी ठीक. इतिहासातली कोणतीही लढाई समान पॉइंटांवर झालेली नाही. तोल साधायचा तो विजयाच्या अटींमधून साधा, फौज कापून किंवा फुगवून नाही.

सीताबर्डीच्या अटी आम्ही अशा लावतो. लढाई २६ तारखेच्या संध्याकाळी पेटली, रात्री उशिरापर्यंत चालली, पहाटे पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास निकाल लागला. म्हणजे साधारण १८ तास. त्याच्या बारा फेऱ्या, दीड तासाची एक. बाराव्या फेरीअखेर दोन्ही टेकड्या कंपनीकडे असतील तर कंपनी जिंकली. एक टेकडी गेली तर बरोबरी. दोन्ही गेल्या तर भोसले जिंकले. या अटींवर आमच्याकडे दोन्ही बाजू जिंकल्या आहेत, आणि एकही फिगर खोटी ठेवावी लागली नाही.

मराठा फौज म्हणजे घोडदळच ना?

हा समज सगळ्यात चिवट आहे आणि मला तो मनापासून खुपतो. बाजारात मिळणाऱ्या आर्मी लिस्ट (कोणत्या फौजेत कोणती पथकं घ्यायची याच्या याद्या) उघडल्या की मराठे म्हणजे भाले घेतलेले हलके घोडेस्वार, आणि शेवटी कुठेतरी "इतर पायदळ". शंभर-दीडशे वर्षांचं लष्करी शहाणपण त्या "इतर"मध्ये गडप झालेलं असतं.

पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आठ-नऊ हजारांचं होतं आणि सकाळच्या लढाईत त्यानंच समोरच्या रोहिल्यांची दैना केली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंद्यांचे कंपू (कवायती पायदळ आणि तोफांचे गट) युरोपीय धर्तीवर उभे होते, सेनापती पोलमन, बरोबर बेगम समरूच्या पलटणी. त्यांच्या तोफांनी कंपनीचा सेनापती वेलस्ली याचं एवढं नुकसान केलं की कंपनीकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १५०० च्या वर गेले. तीच लढाई "घोडदळाची झुंड विरुद्ध शिस्तीचे इंग्रज" अशी मांडणारा सिनॅरिओ खोटा आहे, आणि तो खोटेपणा आपल्याच माणसांच्या वाट्याला येतो.

असईलाच उलटी गोष्टही पाहा. शिंदे आणि भोसले यांचं तीस हजारांच्या वरचं घोडदळ तिथे हजर होतं आणि त्यातलं बहुतेक लढाईत उतरलंच नाही. वेलस्लीकडचे म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वारही त्या घोडदळावर नजर ठेवत मागे थांबले. दोन्हीकडचे हे स्वार टेबलावर ओतले तर जे झालंच नाही ते मांडल्यासारखं होतं.

नागपूरकर भोसल्यांची एकच आर्मी लिस्ट चालेल का?

नाही. किमान तीन हव्यात.

पहिल्या रघूजींच्या वेळी, १७४० च्या दशकात, बंगालच्या स्वाऱ्यांवर भास्करराम कोल्हटकर गेले ते जवळपास संपूर्ण घोडदळ घेऊन. वेग हेच त्यांचं हत्यार. त्या लिस्टमध्ये जड तोफखाना घातला तर स्वारीच मोडते. दुसऱ्या रघूजींची १८०३ ची फौज वेगळी: कवायती पलटणी, पुष्कळ तोफा, अरब आणि इतर भाडोत्री पायदळ, भोवती घोडदळ. अप्पासाहेबांची १८१७ ची तिसरी. हिच्यात लढाईचा भार अरबांवर, आणि घोडदळाचा आकडा मोठा असला तरी निकालावर त्याचा परिणाम कमी.

१७४२ आणि १८१७ मध्ये पंचाहत्तर वर्षांचं अंतर आहे. तेवढ्या काळात युरोपातल्या कोणत्याही राज्याला दोन-तीन लिस्ट द्यायला कुणी मागेपुढे पाहत नाही.

भोसल्यांची फौज मांडायची आहे. असई घेऊ की अडगाव?

अडगाव. असईला कंपू शिंद्यांचे होते, भोसल्यांचा वाटा दुय्यम. २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई अकोला जिल्ह्यातली. तिथे दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, भोसल्यांची फौज लढवत होते. तिथली एक गोष्ट सिनॅरिओत हवीच. लढाईच्या आरंभी भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा कंपनीच्या काही देशी पलटणी बिथरून मागे वळल्या, आणि वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना सावरावं लागलं. याच पलटणींपैकी काही दोन महिन्यांपूर्वी असईला झुंजल्या होत्या. म्हणून कंपनीच्या पलटणीला "कधीच न डगमगणारी" असा दर्जा देऊन टाकू नका.

अरब म्हणजे नेमके कोण, आणि त्यांचा दर्जा काय धरायचा?

अरबस्तानातून दख्खनेत आलेले भाडोत्री शिपाई, त्या काळी हैदराबादेतही आणि मराठी दरबारांतही. पगार इतर पायदळापेक्षा चढा. शस्त्रं तोड्याची बंदूक, तलवार आणि कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर. आम्ही त्यांना आडोशाच्या मागे आणि घराघरांतल्या लढाईत सर्वोत्तम दर्जा देतो, मोकळ्या मैदानात कवायतीच्या हालचालींसाठी कमी.

त्यामागे कारण आहे. १६ डिसेंबर १८१७ ला कंपनीचा सेनानी डोव्हटन याच्या फौजेनं नागपूरच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि तोफा घेतल्या. पण त्यानंतर अरब शहरात शिरून बसले, आणि २४ डिसेंबरचा जुम्मा दरवाजावरचा हल्ला त्यांनी परतवला. जुम्मा दरवाजा म्हणजे आजचा गांधी गेट, आमच्या माडीपासून चालत पाच मिनिटांवर. शेवटी वाटाघाटी होऊन महिनाअखेरीस ते शहराबाहेर पडले. मैदानात हरलेले तेच लोक भिंतीआड दोन आठवडे हटले नाहीत. एकाच फौजेला जागेप्रमाणे दोन दर्जे द्यायला त्याहून चांगलं कारण नाही.

कंपनीच्या फौजेला गोरे चेहरे रंगवायचे ना?

सीताबर्डीसाठी नाही. अधिकारी आणि तोफखान्यातले काहीजण गोरे, बाकी लाल कोटातले शिपाई मद्रास इलाख्यातले आणि घोडेस्वार बंगाल आर्मीचे. सगळे आपल्याच देशातले. आमच्यातल्या एकानं परदेशी दुकानातून मागवलेल्या खोक्यावर कंपनीचं नाव होतं आणि आत निघाले वॉटर्लूचे इंग्रज. डोक्यावर उंच शाको (लष्करी टोपी), पाठीवर भरलेली पिशवी, पायात बूट. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं त्यांतली अठ्ठावीस डोकी कापून मद्रासी शिपायाची पगडी इपॉक्सी मातीनं घडवली, बूट खरवडून पाय उघडे केले, चेहरे तीन वेगवेगळ्या तपकिरी छटांत रंगवले. दीड महिना लागला. रंगवलेली पलटण टेबलावर आली तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं की बर्डीच्या दोन्ही बाजूंना लढणारे बहुतेक लोक हिंदुस्थानी होते.

डिसेंबरच्या लढाईत मात्र गोरे हवेत. डोव्हटनबरोबर रॉयल स्कॉट्सचे लोक होते आणि जुम्मा दरवाजाच्या हल्ल्यातही होते. तीन आठवड्यांत फौजेची घडण बदलते, म्हणून सिनॅरिओच्या माथ्यावर फक्त "नागपूर १८१७" न लिहिता तारीख लिहा.

२४ व्या पलटणीबद्दल काही खास नियम आहे का?

आहे, आणि तो मला सगळ्यात प्रिय आहे. ही पलटण आधी मद्रासच्या १ ल्या रेजिमेंटची होती. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचं बंड झालं, त्यात तिचे लोक होते. शिक्षा म्हणून जुना क्रमांक काढून घेतला आणि २४ वा दिला. अकरा वर्षांनी हीच पलटण बर्डीच्या छोट्या टेकडीवर रात्रभर उभी होती. लढाईनंतर तिला तिचा जुना क्रमांक परत मिळाला.

पण रात्रभराच्या माऱ्यानं ती इतकी झिजली होती की पहाटेपूर्वी तिला मोठ्या टेकडीवर घेऊन तिच्या जागी दुसरे लोक पाठवावे लागले. सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. पुढे कॅप्टन फिट्झेराल्डच्या घोडदळानं मैदानात हल्ला करून तोफा घेतल्या, आणि मग टेकडी परत घेतली गेली.

म्हणून आमच्याकडे २४ व्या पलटणीचं मनोधैर्य वरच्या दर्जाचं आणि थकवा मोजणारा वेगळा ठोकळा. प्रत्येक रात्रीच्या फेरीत एक थकवा चढतो. पाच झाले की पलटण पळत नाही, पण तिचे फासे अर्धे होतात. कंपनीकडच्या खेळाडूनं तिला वेळेत बदललं नाही तर टेकडी जाते.

बर्डीवर किल्ला ठेवायचा का?

नाही. आज दिसतो तो किल्ला लढाईनंतर इंग्रजांनी बांधला. १८१७ मध्ये तिथे उघड्या टेकड्या होत्या. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठराविक दिवशी लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी वर जा, शहराकडे तोंड करून उभे राहा आणि चढ पायांनी मोजा. टेबलावरच्या टेकडीचा उतार किती ठेवायचा हा प्रश्न सुटतो.

वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे सापडतात. कोणता धरायचा?

आधी पाहा की तो आकडा कुणी आणि कसा मोजला. स्वतःच्या फौजेचे मृत आणि जखमी नावानिशी लिहिले जातात, म्हणून सीताबर्डीला कंपनीचे ३६७ हा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा. दर चौघांमागे एकाहून जास्त, म्हणजे कंपनीचा विजय काठावरचा होता हे त्यावरून कळतं. जिंकून आणलेल्या तोफा एकेक करून मोजल्या जातात, म्हणून असईच्या ९८ तोफाही विश्वासाच्या. समोरच्या शत्रूचं घोडदळ मात्र धुळीतून पाहून अंदाजानं लिहिलेलं असतं, आणि जिंकणाऱ्याला तो आकडा मोठा लिहिण्यात रस असतो.

आपल्याकडच्या कागदांतही एक खोच आहे. सरंजामदारानं अमुक इतके स्वार ठेवायचे असं ठरलेलं असे, पण प्रत्यक्ष हजेरीला तेवढे घोडे उभे राहतीलच असं नव्हतं. घोड्यांना डाग देण्याची पद्धत त्यासाठीच होती. कागदावरचा स्वार आणि मैदानातला स्वार एक नव्हे.

म्हणून एकूण आकड्यावरून खाली न येता पथकापासून वर चढा. कोणती पलटण, किती कंपन्या, किती तोफा, कोणाच्या हाताखाली. बेरीज शेवटी करा. ती प्रसिद्ध आकड्याशी जुळली नाही तर तो आकडा तपासा, पथकं फुगवू नका.

बुणगे (फौजेबरोबरचे न लढणारे लोक) टेबलावर ठेवायचे का?

पानिपतासाठी हो. भाऊसाहेबांच्या हालचाली त्यांच्याच ओझ्यानं अडल्या होत्या. बुणग्यांशिवाय पानिपत मांडलं तर भाऊंचा प्रत्येक निर्णय उगाच मूर्खपणाचा वाटू लागतो.

हत्ती, बाण (अग्निबाण), जंबुरे (उंटांवरच्या हलक्या तोफा)?

बाण चालतील. जंबुरे अब्दालीकडे भरपूर होते, पानिपतावर ते हवेतच. हत्ती सेनापतीच्या बसण्यापुरता.

"असं झालं असतं तर" प्रकारचे सिनॅरिओ खेळता का?

खेळतो. अट एकच: निर्णय बदलायचा, फौज नाही. अप्पासाहेबांनी पहिल्याच रात्री सगळे अरब एकदम छोट्या टेकडीवर घातले असते तर? हा प्रश्न खरा आहे, कारण ते अरब तिथे होते. अप्पासाहेबांकडे शिंद्यांचे कंपू असते तर? ते नव्हते.

कंपनीच्या बाजूनं खेळायला मुलांना संकोच वाटतो. काय सांगायचं?

आमच्याकडे एक आठवीतला मुलगा कंपनीच्या फिगरला हात लावायला तयार नव्हता. त्याला २४ व्या पलटणीची आणि वेल्लोरची हकिकत सांगितली. तो बराच वेळ त्या बारा फिगर उलटसुलट करून पाहत राहिला. मग म्हणाला, "मी हेच घेतो, काका. पण पुढच्या रविवारी अरब मला द्यायचे."

दोन्ही बाजू आळीपाळीनं खेळायचा नियम तेव्हापासून आहे.

सुरुवात करायची आहे, पैसे कमी आहेत. किमान किती फिगर लागतात?

छोट्या टेकडीच्या सिनॅरिओसाठी कंपनीचे बारा शिपाई आणि एक तोफ, अरबांच्या चाळीस फिगर (पडलेल्या लाटेतल्याच पुढच्या लाटेत पुन्हा उतरवायच्या), आणि पायथ्याला पाच-सहा घरं. घरं जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची छान होतात. फिगर नसतील तर पुठ्ठ्याचे चौकोन कापा आणि प्रत्येकावर पथकाचं नाव लिहा. नुसतं "मराठे" असं मात्र कोणत्याही चौकोनावर लिहू नका.